वाचकांचे प्रश्न : बोट, बुबुळ आणि चेहरा

या वेळी नाशिक शहर आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून आलेली पत्रं घेतली आहेत. हजेरीचं मशीन, रेशनचा अंगठा, सोसायटीचं गेट असे विषय वेगवेगळे दिसतात, पण अडचण बहुतेक ठिकाणी एकच आहे: मशीनने ओळखलं नाही की दोष माणसावर टाकला जातो. म्हणून मशीन आत नेमकं काय करतं, हे पहिल्या उत्तरात जरा सविस्तर सांगितलं आहे.

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचं सीएनसी मशीनिंगचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी धातूचे सुटे भाग घडवण्याचं युनिट आहे, 280 कामगार. बोटांच्या ठशाचं हजेरी मशीन बसवून वर्ष झालं. सकाळी ठीक चालतं, पण पाळी सुटताना दहा-बारा जणांचा पंच लागतच नाही. तक्रार केल्यावर विक्रेत्याने सेटिंग बदलून दिलं, तर एकाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर पडू लागली. तो म्हणतो, कामगारांचे हातच खराब आहेत. नवं मशीन घ्यावं का?

थांबा, नवं मशीन इतक्यात नको. तुमच्याकडे दोन दुखणी आहेत आणि पहिल्यावर केलेल्या उपायातून दुसरं उपजलं आहे.

बोटावर शंख आहे की चक्र हे आपण लहानपणी मोजतो. मशीन त्यावर थांबत नाही. रेषा कुठे संपते आणि कुठे तिला फाटा फुटतो, ते बिंदू शोधून त्यांची जागा आणि दिशा साठवतं. यालाच टेम्प्लेट म्हणतात. चांगल्या ठशात असे तीस-चाळीस बिंदू सहज मिळतात. झिजलेल्या बोटात ते कमी होतात, आणि ओरखडा किंवा चीर असेल तर खोटे बिंदू तयार होतात. दोन ठसे शंभर टक्के कधीच जुळत नाहीत, म्हणून मशीन गुण देतं आणि ठरावीक पातळीच्या वर गेलं की 'ओळखलं' म्हणतं. विक्रेत्याने ही पातळी खाली आणली. आता अर्धवट ठसाही पास होतो, आणि तो दुसऱ्याच्याच नोंदीशी पास होऊ शकतो.

हिशेब करून पाहा. चुकून जुळण्याचं प्रमाण लाखात एक आहे असं धरा. 280 जणांची प्रत्येकी तीन बोटं म्हणजे 840 नोंदी. नुसतं बोट ठेवलं की मशीन ते या सगळ्या नोंदींशी ताडून पाहतं. म्हणजे एका पंचमागे चुकीच्या जुळणीची शक्यता लाखात एक राहत नाही, लाखात 840 होते, जवळजवळ शंभरात एक. दिवसाचे 560 पंच धरले तर चार-पाच चुका कागदावरच निघतात. पातळी आणखी खाली आणली की त्या वाढतात. म्हणून पहिलं काम हे: पातळी मूळ जागी न्या आणि कामगाराला आधी आपला नंबर दाबायला किंवा कार्ड लावायला सांगा, मग बोट. अशाने ताडणी फक्त त्याच्याच तीन नोंदींशी होते. पंचला तीन-चार सेकंद जास्त लागतात, पण हजेरीची अदलाबदल थांबते.

आता पंच न लागण्याचं. आठ तास कूलंटमध्ये, म्हणजे यंत्र थंड ठेवणाऱ्या तेलकट पाण्यात, हात असले की कातडी फुगते, सुरकुत्या पडतात, वर तेलाचा पातळ थर बसतो. ऑप्टिकल मशीनमध्ये काचेखालून प्रकाश येतो आणि रेषेचा उंचवटा काचेला टेकतो तेवढाच भाग उमटतो. काचेवर तेल असेल तर आधीच्या माणसाचा ठसा तिथेच पुसट राहतो आणि पुढच्याच्या ठशात मिसळतो. मशीन पश्चिमेकडच्या दारात असेल तर संध्याकाळचं तिरकं ऊन थेट काचेवर येतं, त्यानेही ठसा पांढुरका पडतो. सकाळी ठीक आणि संध्याकाळी बंद, याचं कारण बऱ्याचदा हातापेक्षा भिंतच असते. मशीन आतल्या भिंतीवर घ्या, शेजारी बेसिन आणि साबण ठेवा, हात पुसायला कोरडं कापड ठेवा. काच रोज मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसा. आयसोप्रोपाइल अल्कोहोल फडक्यावर घ्यायचं, काचेवर ओतायचं नाही. कॉटन वेस्टने, म्हणजे यंत्रं पुसायच्या सुताच्या गुंत्याने, कधीही पुसू नका, त्यात अडकलेला धातूचा बारीक बर काचेवर चरे पाडतो आणि तो चरा पुढे प्रत्येकाच्या बोटावर रेष बनून उमटतो.

नोंदणी पुन्हा करा. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळी सुरू होण्याआधी, हात धुऊन कोरडे केल्यावर. जॉब, म्हणजे घडवायचा सुटा भाग, पकडायला अंगठा आणि तर्जनी सर्वांत जास्त घासतात, म्हणून दोन्ही हातांची मधली बोटं आणि एका हाताची अनामिका घ्या. बोटाचं टोक नको, पेराचा मधला फुगीर भाग काचेवर सपाट बसला पाहिजे. प्रत्येक बोट तीनदा, आणि दर वेळी उचलून पुन्हा ठेवायचं. त्याच दिवशी पाळी सुटताना प्रत्येकाला तीनदा पंच करून बघायला लावा. तीनपैकी दोनदा लागलं नाही तर ते बोट बदला.

एवढं करूनही काही जणांचं लागणार नाही. त्यांना कार्ड द्या किंवा सुपरवायझरच्या सहीचा मस्टर ठेवा, आणि त्याची हजेरी मशीनच्या हजेरीइतकीच पक्की धरा. मशीनने ओळखलं नाही म्हणून हजर माणसाचा खाडा लावणं हे अन्यायाचं आहे. कातडीखालच्या थरापर्यंत पाहणारे मल्टिस्पेक्ट्रल सेन्सर मिळतात, ओल्या-तेलकट बोटांना ते चांगले पडतात, पण महाग आहेत. आधी वरचं सगळं करून बघा.

प्रश्न : मी पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबागेत मजुरीला जाते. हंगामात रेशन दुकानात माझा अंगठा लागत नाही. दुकानदार 'उद्या या' म्हणतो. दोन महिने असंच झालं. काय करू?

ताई, तुमच्या बोटांना काही झालेलं नाही, ती कामाची बोटं आहेत. गोडी छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे फुटणाऱ्या अंकुरांना, हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग होतं, ते कातडीला जाळतं. पुढे विरळणीत कात्रीचा दाब दिवसभर अंगठ्यावर आणि तर्जनीवर येतो, डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवताना, हात सतत ओले राहतात. सिन्नरच्या विडी कामगार बायकांची आणि सिमेंटमध्ये काम करणाऱ्या गवंड्यांचीही हीच गत होते. पेस्टिंगला रबरी हातमोजे घालाच, ठशापेक्षाही तब्येतीसाठी.

दुकानात एकाच अंगठ्यावर अडून बसू नका. दहाही बोटं चालतात, करंगळी आणि अनामिका सहसा कमी झिजलेली असतात. हात कोमट पाण्याने धुऊन पुसा. कातडी फार कोरडी असेल तर ओल्या फडक्यावर बोट टेकवून लगेच ठेवा. जोरात दाबू नका, दाबल्यावर रेषा चपट्या होऊन एकमेकींत मिसळतात.

तरीही लागलं नाही तर मशीनवर कोणता आकडा येतो ते बघा. 300 म्हणजे ठसा जुळला नाही. 330 म्हणजे आधारचे ठसे तुम्ही किंवा घरच्यांनी लॉक केले आहेत. 811 म्हणजे आधारकडे तुमचे ठसेच नाहीत. 330 असेल तर मोबाइलवरून अनलॉक केलं की काम झालं. 811 असेल तर आधार केंद्रात जावंच लागेल. 300 असेल तर दुसरी वाट मागा: डोळ्याचं स्कॅनर, आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी, किंवा कार्डावरच्या घरातल्या दुसऱ्या माणसाचं बोट.

हेही ठामपणे सांगा: ठसा लागला नाही एवढ्या कारणावरून पात्र कुटुंबाचं धान्य अडवू नये, अशा सूचना केंद्राच्या अन्न विभागाने ऑक्टोबर 2017 मध्येच राज्यांना दिल्या आहेत. दुकानदार ऐकत नसेल तर तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 1967 या क्रमांकावरही तक्रार करता येते.

आधारचे ठसे नव्याने द्यायचे असतील तर हंगामात जाऊ नका. झिजलेलेच ठसे नोंदले जातील आणि वर्षभर अडचण राहील. बागेचं हातकाम कमी असतं अशा पावसाळ्यात, दोन-तीन आठवडे हाताला आराम मिळाल्यावर जा. मोठ्यांसाठी ऑक्टोबर 2025 पासून 125 रुपये शुल्क आहे. मुलांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. 5 ते 7 आणि 15 ते 17 या वयात हे एकेकदा मोफत होतं.

प्रश्न : सिन्नर तालुक्यातल्या शेतजमिनीचं खरेदीखत झाल्यावर काही महिन्यांनी वडिलांच्या खात्यातून 10,000 रुपये दोनदा गेले. ना ओटीपी, ना कार्ड. बँक म्हणते 'आधारने काढले'. वडील त्या दिवशी घरीच होते. हे कसं शक्य आहे?

दुर्दैवाने शक्य आहे. आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारात, म्हणजे एईपीएसमध्ये, बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढंच लागतं. ओटीपी येत नाही. खरेदीखतावर अंगठ्याचे स्पष्ट ठसे असतात आणि सोबत आधारची प्रतही जोडलेली असते. अशा दस्तांच्या प्रतींवरून ठसा मोठा करून सिलिकॉनसारख्या पदार्थात त्याचा साचा काढायचा आणि छोट्या ग्राहक केंद्राच्या मशीनवर लावायचा, अशी प्रकरणं अनेक राज्यांत पोलिसांनी उघड केली आहेत. 2023 मध्ये यूआयडीएआयने, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेने, बोट जिवंत आहे का हे तपासणारी दुहेरी पद्धत आणली: नुसते बिंदू न पाहता ठशाची पूर्ण प्रतिमाही तपासली जाते. त्याने फरक पडला, पण सावधगिरी सोडावी असं नाही.

आता क्रम लक्षात ठेवा. आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग बँकेत लेखी अर्ज आणि त्याची पोच. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिऱ्हाइताची असेल आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. बँकेने 10 कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते. 4 ते 7 दिवसांत कळवलं तर काही मर्यादेपर्यंत भार येतो. तुमच्याकडे उशीर झाला असेल तर एसएमएस कधी आला, आला का, हे अर्जात तारखेसह लिहा. सूचनाच मिळाली नसेल तर तो मुद्दा तुमच्या बाजूचा आहे.

दुसरं, माय-आधार संकेतस्थळावर प्रमाणीकरणाचा इतिहास पाहा. मागच्या सहा महिन्यांत आधार कधी, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या संस्थेमार्फत वापरला गेला ते तिथे दिसतं. त्या पानाची छापील प्रत तक्रारीला जोडा. वडील घरी असताना बोटाने प्रमाणीकरण झालं, याचा तो लेखी पुरावा आहे.

तिसरं, ठसे आजच लॉक करा. एम-आधार ॲपमध्ये किंवा माय-आधारवर आधारला जोडलेल्या मोबाइलच्या ओटीपीने आत जाऊन बायोमेट्रिक लॉक हा पर्याय निवडायचा. गरज पडेल तेव्हा तात्पुरतं अनलॉक केलं की दहा मिनिटं उघडं राहतं आणि मग आपोआप बंद होतं. रेशनला जाताना हे आठवणीत असू द्या, नाहीतर तिथे 330 येईल. वडील एईपीएस वापरत नसतील तर बँकेला अर्ज देऊन ती सोयच बंद करून मागा.

यापुढे कुठेही प्रत देताना मास्क केलेलं आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोटं दहाच आहेत, म्हणून त्यांच्याबाबत एवढी काळजी.

प्रश्न : नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो, वय 78. हयातीच्या दाखल्याला अंगठा लागत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं आहे. बँकेत दरवर्षी हेलपाटे होतात.

काका, चेहऱ्याने दाखला द्या. जीवन प्रमाण योजना 2014 पासून आहे आणि 2021 पासून त्यात चेहऱ्याची सोय आहे. मोतीबिंदूचा चेहरा ओळखण्याशी संबंध नाही. मुलाच्या किंवा नातीच्या अँड्रॉइड फोनवर आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप घ्यायची. आधी फोन चालवणाऱ्याची ओळख एकदा होते, मग तुमची.

खिडकी तुमच्या समोर हवी, पाठीमागे नको. पाठीमागून उजेड आला की चेहरा काळा पडतो. चष्मा आणि टोपी काढा, मागे मोकळी भिंत असू द्या, फोन डोळ्यांच्या उंचीला धरा आणि सांगितल्यावर डोळे मिटून उघडा. लोक इथे एकटक बघत राहतात आणि म्हणून अडतं. पापणी मिटली तरच समोर फोटो नसून माणूस आहे हे ॲपला कळतं.

चेहरा जुळूनही दाखला फेटाळला जातो, तो बहुधा पीपीओ क्रमांक (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक) किंवा पेन्शन देणाऱ्या बँकेचं नाव चुकीचं निवडल्यामुळे. प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, एसएमएस आला म्हणजे दाखला तयार झाला, बँकेने स्वीकारला असं नव्हे. आठवड्याने स्थिती तपासा. 80 पूर्ण झाल्यावर तुम्हाला नोव्हेंबरऐवजी 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येईल.

प्रश्न : गंगापूर रोडवरची आमची 64 फ्लॅटची सोसायटी. गेटला चेहरा ओळखणारं मशीन आणि चुंबकीय लॉक बसवायचं आहे. कामवाल्या मावशी, ड्रायव्हर, दूधवाले सगळ्यांची नोंद सक्तीची करावी असं कमिटीचं मत आहे. काय बघावं?

आधी तारा बघा, कारण विकणारा त्याबद्दल बोलत नाही. स्वस्त जोडणीत लॉक उघडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बाहेरच्या मशीनमध्येच असतो. चार स्क्रू काढून दोन तारा जोडल्या की दार उघडतं, चेहरा लागतच नाही. रिले किंवा कंट्रोलर आतल्या बाजूला, कुलूपबंद पेटीत घ्या आणि बाहेर फक्त कॅमेऱ्याचा भाग ठेवा.

नेहमीचं 600 पौंडाचं, म्हणजे साधारण 270 किलो ओढ सहन करणारं चुंबकीय लॉक 12 व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतं. वीज गेली की ते सुटतं, आगीच्या वेळी हे चांगलंच, पण रोजच्या लोडशेडिंगला गेट सताड उघडं राहील. मशीन धरून दीड अँपिअर लागत असेल तर 7 अँपिअर-अवरची बॅटरी नवी असताना चारेक तास निभावते, जुनी झाली की दोन. लॉकच्या दोन टोकांना 1एन4007 डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, उलटा लावला आहे ना ते विचारा. तो नसेल तर लॉक सुटताना उलटा झटका बसून मशीन मधूनच रीस्टार्ट होतं आणि मग महिनोन्महिने सॉफ्टवेअरला दोष दिला जातो. आतून बाहेर पडायला साधं बटण आणि आणीबाणीला काच फोडून उघडणारा स्विच हवाच.

सक्तीबद्दल मात्र आमचं मत स्पष्ट आहे: करू नका. मावशींना नोकरीची गरज आहे, म्हणून त्यांचा होकार हा खरा होकार राहत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्याचा गाभा असा की माहिती कशासाठी घेता ते समजेल अशा भाषेत सांगायचं, मोकळेपणाने दिलेली संमती घ्यायची आणि काम संपलं की माहिती पुसायची. माहितीची राखण न केल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. ज्याला चेहरा द्यायचा नाही त्याला कार्ड द्या, आणि ते रहिवाशांनाही लागू ठेवा. चेहऱ्यांची नोंद कुठे राहते, मशीनमध्ये की कंपनीच्या सर्व्हरवर, हे करारात लिहून घ्या. काम सोडलेल्यांची नोंद सात दिवसांत पुसायची आणि पुसल्याची यादी कमिटीच्या वहीत ठेवायची. मशीनचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

प्रश्न : येवल्यात आमची जुळी मुलं आहेत, अगदी सारखी दिसणारी. एकाच्या चेहऱ्याने दुसऱ्याचा फोन उघडतो. ठशांचंही तसंच होईल का?

नाही. ठसे आणि बुबुळाची नक्षी गर्भातच घडते आणि जुळ्यांमध्येही वेगळी असते. इतकंच काय, एकाच माणसाची दोन बोटंही सारखी नसतात. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र मशीनही तुमच्या शेजाऱ्यांसारखंच फसतं. फोनला पिन किंवा बोट ठेवा.

प्रश्न : 2027 च्या सिंहस्थात हरवलेली माणसं चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांनी लगेच सापडतील का? आमचं पंचवटीतलं मंडळ मदत केंद्र चालवतं.

मदत होऊ शकते, 'लगेच'ची खात्री नाही. कॅमेऱ्यासमोरून 5 लाख लोक गेले आणि चुकून जुळण्याचं प्रमाण दहा हजारात एक असलं, तर एका हरवलेल्या आजींसाठी 50 चुकीचे इशारे येतील. प्रत्येक इशारा माणसाने डोळ्यांनी बघावा लागतो. त्यात खांबावर उंच लावलेल्या कॅमेऱ्याला डोक्यावरचा पदर आणि टोपीच दिसते. ओळख पटायला चेहरा जवळपास समोरून आणि दोन डोळ्यांमध्ये निदान 60 पिक्सेल अंतर भरेल इतका मोठा लागतो. तसा चेहरा अरुंद वाटेवर डोक्याच्या उंचीच्या कॅमेऱ्यात मिळतो, रामकुंडाच्या मोकळ्या घाटावर नाही. घाटावरच्या कॅमेऱ्यांचा खरा उपयोग डोकी मोजायला: कुठे दाटी होते आहे हे सांगायला कुणाची ओळख लागत नाही.

मंडळाने हे करावं. केंद्रावर येणाऱ्या कुटुंबांना त्या दिवशी सकाळी, अंगावरच्या कपड्यांत, प्रत्येकाचा समोरून एक फोटो फोनमध्ये काढून ठेवायला सांगा. हरवल्यावर घरात शोधलेला लग्नातला फोटो मशीनलाही उपयोगी पडत नाही आणि पोलिसांनाही. मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या खिशात, जाड कागदावर बॉलपेनने लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिठ्ठी ठेवा: दोन मोबाइल नंबर, गावाचं नाव, आणि उतरण्याचं ठिकाण. शाईच्या पेनने लिहिलेली चिठ्ठी पहिल्याच डुबकीत पुसली जाते.